बरणीतला दवाखाना

माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी फसवणूक बोटभर लांबीच्या एका माशावरून झाली, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. मीही पुष्कळ वर्षं हसून पाहिलं, जमलं नाही. माझा स्वभाव मुळात तिखट, आणि ही गोष्ट आठवली की आजही कानशिलं तापतात.

साठ सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी घाटंजीच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला नव्याने लागले होते. मॅट्रिक होऊन, यवतमाळला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन आलेली, बोरी अरबच्या आमच्या मोहल्ल्यातली पहिली नोकरदार मुलगी. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले आणि आम्हा भावंडांना समोर बसवलं. म्हणाले, "आतापासून कोनाचं ऐकून काही मानाचं नाही. सोता पाहाचं, मंग मानाचं." आईने डोळ्यांना पदर लावला होता, पण मान तीही हलवत होती. ते वाक्य मी गाठीशी बांधलं. शास्त्र शिकवायला याहून जास्त काय लागतं, असं मला तेव्हा वाटायचं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं पुस्तकी आणि हळू. लहानपणीच वैधव्य आलेलं, पण हट्टाने शिकून वर आलेल्या. पहिल्या दिवशी मी शिक्षिकांच्या खोलीत गेले तेव्हा बाकीच्या पाचजणी चहा घेत होत्या. कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ होता. मी कुठे बसावं हे कोणी सांगेना, आणि मीही विचारेना. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "अगं, मला जरा पाणी दे बरं."

मी उठले. माठात ओगराळं बुडवून पेला भरला. त्यांनी पेला घेतला आणि सगळ्यांच्या देखत, घोट घोट करत, सावकाश रिकामा केला. मग "गार आहे" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या खोलीत माझ्याविषयी कुजबुजायचीही कोणाची छाती झाली नाही. घरी हे सांगितलं तेव्हा वडील आईला म्हणाले की त्या बाईसाठी चार सीताफळं बांधून दे. त्या दिवसापासून मी मोठ्या बाईंची झाले. त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर पाणी किती आहे हेही मी विचारलं नसतं.

शाळेत दर शनिवारी एक शिरस्ता होता. सगळ्या शिक्षिकांच्या वह्या मोठ्या बाईंच्या टेबलावर जायच्या. टाचणाची वही, हजेरी, आणि माझ्या बाबतीत निरीक्षणाची वही. सोमवारी त्या परत मिळत तेव्हा प्रत्येक पानाखाली लाल शाईत 'पाहिले' असा शब्द आणि खाली त्यांची सही असे. इतर बायका त्याला कंटाळत. मला मात्र त्या लाल शब्दाचा अभिमान होता. आपण लिहिलेलं कोणीतरी पाहतं, हे मला नवीन होतं.

मासे आले ते गावातल्या जिनिंगवाल्या शेठजींकडून. त्यांच्या बंगल्यात काचेच्या पेटीत रंगीत मासे होते. शाळेला काही द्यावं असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा त्यांनी तशीच एक लहान पेटी करवून घेतली. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत पुट्टीने बसवलेल्या काचा, वर लाकडी झाकण, आणि आत घरच्यातलेच तीन नारिंगी मासे. मासा म्हटला की बाजारातून आणायचा आणि रश्शात सोडायचा, एवढीच माझ्या वर्गातल्या मुलींची ओळख. नुसता बघायचा मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पहिले आठ दिवस मधल्या सुट्टीत डबे खायलाही कोणी बाहेर गेलं नाही.

पेटीची जबाबदारी माझी होती. एका बुधवारी मी पाणी बदललं, झाकण पुसून भिंतीला टेकवून ठेवलं आणि तास आहे म्हणून तशीच निघून गेले. परत आले तेव्हा शाळेतलं मांजर पेटीच्या काठावर एक पंजा पाण्यात घालून बसलं होतं. ते पळालं. दोन मासे तळाशी दडले होते. तिसऱ्याच्या डाव्या अंगावरचे खवले उडून चवलीच्या नाण्याएवढं मांस उघडं पडलं होतं. चूक माझी होती, अगदी निखालस माझी, आणि ती मी त्याच दिवशी मोठ्या बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, मग आता तूच त्याला बरं कर.

आमच्या शाळेतल्या आयाबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी सुचवलं की मरीआईला नारळ बोलावा. मी त्यांना दारातच उभं करून नवसावर असं काही व्याख्यान दिलं की बिचाऱ्या हातातला झाडू घट्ट धरून ऐकत राहिल्या. मासा नवसाने नाही, औषधाने बरा होणार, आणि तो कसा होतो हे मुली रोज आपल्या डोळ्यांनी पाहणार, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्या क्षणी तो मासा माझ्यासाठी नुसता मासा राहिला नाही. वडिलांनी टाक नदीत सोडले ते बरोबर होतं की नाही, याचाच जणू तो दाखला होऊन बसला. माझं वय लक्षात घ्या, आणि माझा ताठाही.

किराणा दुकानदाराकडून पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी काचेची बरणी मागून आणली. जखमी मासा वेगळा ठेवायला हवा हे मला माहीत होतं. आजारी माणसालाही आपण वेगळ्या खाटेवर ठेवतोच. मुलींनी बरणीवर कागद चिकटवला: 'दवाखाना. गडबड करू नये.' सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लाल औषधाची पुडी मिळाली. पाण्यात टाकलं की गुलाबी-जांभळा रंग सुटतो, ते. किती टाकायचं विचारलं तर तो म्हणाला, अंदाजानं टाका, माशाचं डोज कोणी शिकवलं नाही आम्हाला.

पहिले दोन दिवस मी भीत भीतच औषध घातलं. पाणी जेमतेम गुलाबी होईल एवढं, आणि तासाभराने ते काढून ताजं पाणी. रोज निरीक्षणाच्या वहीत नोंद. शुक्रवारी जखमेवर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी दिसायला लागली. मासा एका अंगावर कलून श्वास घेत होता. शनिवारी सकाळची शाळा, दुपारच्या एस.टी.ने मला घरी जायचं होतं, आणि रविवारी पाणी बदलायला शाळेत कोणी नसणार. एकदा घातलेलं औषध सोमवारपर्यंत पुरायला हवं, असा विचार मी केला आणि मला वडिलांचं माप आठवलं.

पटकीची साथ आली की आमच्या भागात विहिरींत लाल औषध टाकायला माणसं नेमायचे. वडील ते काम करत. एरवी ज्या विहिरीवर त्यांना बादली सोडता येत नसे, त्याच विहिरीत औषध टाकायला मात्र त्यांना अगत्याने बोलावणं यायचं. त्यांचं माप ठरलेलं होतं. संध्याकाळी औषध टाकायचं, आणि "सकायपर्यंत पानी गुलाबी राह्यलं पायजे. नाही राह्यलं, तं अजून टाकाचं." त्या मापाने त्यांनी अख्खी गावं वाचवली होती. मी बरणीत त्याच मापाने औषध टाकलं. सकाळ एक नव्हे, दोन जायच्या होत्या, म्हणून चिमूट जरा मोठीच घेतली. वही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि मी गाडीला निघाले.

सोमवारी सकाळी शाळेत शिरले ती धावतच. बरणीत पाणी स्वच्छ होतं. मावशी म्हणाल्या, मी बदललं. आणि मासा गिरक्या घेत होता. डाव्या अंगावर जखम नाही, बुरशी नाही, खवला न् खवला जागच्या जागी. मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे हो."

मला तो मासा किंचित लहान वाटला, हे खरं आहे. लपवून काय उपयोग? माझ्या डोळ्यांना ते दिसलं होतं. वहीत मी लिहिलं: 'जखम पूर्ण भरली. आजारपणामुळे मासा थोडा उतरला आहे.' दोन दिवसांत चवलीएवढी जखम भरते आणि नवे खवलेही येतात, हे आई सांगती तर मी तिला वेड्यात काढलं असतं. पण वर्गात मी मुलींना म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, या आणि पाहा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला वाटलं, नवसाचा हट्ट मोडला म्हणून शरमल्या असतील. पुढच्या शनिवारी त्या नोंदीखालीही मोठ्या बाईंनी लाल शाईत 'पाहिले' लिहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. मोठ्या बाईंनी त्यांना आधी बरणीकडे नेलं, मग वही दाखवली. मी न अडखळता सगळं सांगितलं: सौम्य औषधाने गुण आला नाही, कडक मात्रेने आला. साहेबांनी शेरेबुकात शाळेतल्या शास्त्राच्या अध्यापनाची तारीफ लिहिली. त्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला घरी बोलावून पोह्यांवर खोबरं घालून दिलं. मी इतकी सुखात होते की वडिलांना पत्र लिहिलं: तुमच्या मापाने मासा बरा झाला.

प्रशिक्षणाच्या वेळी यवतमाळला माझ्याबरोबर एकाच खोलीत राहिलेली एक मैत्रीण मारेगावच्या शाळेत लागली होती. आमच्याच समाजातली, माझ्याहून गरीब घरची, आणि अजून कायम न झालेली. तिच्याही शाळेत कोणीतरी माशांची पेटी दिली होती. मी तिला औषधाचं माप मोठ्या दिमाखाने लिहून पाठवलं. सकाळपर्यंत गुलाबी. वर्षभराने तिच्या माशांना बुरशी लागली, तिने माझ्या मापाने औषध टाकलं आणि चारही मासे सकाळी पाण्यावर तरंगताना सापडले. तिने घाबरून मला पत्र लिहिलं: मुख्याध्यापक फार चिडलेत, हे माप खरंच बरोबर आहे ना, मला लिहून दे म्हणजे त्यांना दाखवते.

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "माप बरोबर आहे. माझ्याकडे त्याच मापाने मासा बरा झाला, साहेबांनी पाहिलं आहे. तुझ्या हातून औषध जास्त पडलं असेल. शास्त्रात धांदल चालत नाही." तिचं पुन्हा पत्र आलं नाही. मला वाटलं, रागावली असेल. चूक पदरात घातली की माणसं रागावतातच.

आणखी एक पावसाळा गेला आणि आमच्या पेटीतल्या एका माशाच्या शेपटीला फाटून बुरशी आली. मी बरणी काढली, पाणी भरलं आणि लाल औषधाची पुडी सोडली. मावशी खोली झाडत होत्या. त्यांनी झाडू टाकला आणि येऊन बरणीवर सरळ आपला तळहात ठेवला.

"बाई, नोका टाकू ते. मागच्याले बी त्यानंच मारलं."

मी म्हटलं, मागचा तर बरा झाला, मावशी. त्या हात काढेनात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी सकाळी मासा कसा आहे ते बघायला त्या किल्ली घेऊन आल्या, तेव्हा बरणीतलं पाणी गर्द गुलाबी होतं आणि मासा पोट वर करून पडला होता. त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई स्वतः शेठजींच्या बंगल्यावर गेल्या आणि त्यांच्या पेटीतला तसाच दिसणारा मासा मागून आणला. मेलेला मासा मावशींनी शाळेमागे पुरला. शेठाणींना माहीत होतं. शिक्षिकांच्या खोलीतल्या पाचजणींनाही आठवड्याभरात माहीत झालं होतं.

"मोठ्या बाईनं आन घातलती मले," मावशी म्हणाल्या. "तुमी त्या सायबासमोर बोलून राह्यल्या होत्या, आन् मले अस्सं वाटे का भुई फाटाव. पर म्या काय बोलू?"

पाच शिक्षिका, एक शेठाणी, एक आया. दोन वर्षं मी या सगळ्यांसमोर त्या माशाची गोष्ट सांगत होते. चहा घेताना सांगत होते. नव्या मुली आल्या की बरणी दाखवून सांगत होते. आणि त्या सगळ्या कौतुकाने ऐकत होत्या. कोणी मला तोंडावर शिवी दिली असती तर मी दोन देऊन मोकळी झाले असते. या कौतुकाचं काय करावं हे मला कळेना. मी तिथेच बाकावर बसले आणि माझ्या वर्गातल्या मुली पाहत असताना रडले, याचीही लाज मला नंतर पुष्कळ दिवस वाटली.

त्या माशाचं म्हणाल तर, मावशींनी घरून खडेमीठ आणलं. बैलाच्या खांद्याची जखम त्या मिठाच्या पाण्याने धूत. आम्ही बरणीत खडेमीठ घातलं, रोज पाणी बदललं, आणि तीन आठवड्यांनी तो मासा बरा झाला. त्याची शेपटी मात्र कायमची वाकडी राहिली. खरी भरलेली जखम कशी दिसते, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

पण हे पुढचं. त्या दिवशी मी रडून झाल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू नवीन होतीस. तुझ्या हातून मासा मेला असता तर गावाने काय म्हटलं असतं? हिने पाण्याला हात लावला न् मासा मेला. दुसऱ्या कोणाच्या हातून मेला असता तर मी पुरला असता आणि विसरले असते."

"मग माझ्याही हातून मेलेला तसाच पुरायचा होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी बाहेर आले ती धगधगत, पण चार दिवसांत माझा राग निवायला लागला. कारण गावाबद्दल त्या बरोबर होत्या. लोकांनी अगदी तेच म्हटलं असतं. मला वाटलं, आईने मुलाची चूक पदराखाली घ्यावी तसं त्यांनी केलं. वेडं केलं, पण मायेने केलं. माझ्या हातचं पाणी त्या उगीच प्यायल्या नव्हत्या. मी त्यांना माफ करायच्या बेतात होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्याच आठवड्यात मी मारेगावला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, हात जोडून माफी मागितली. तिचं पोस्टकार्ड आलं. माझं आधीचं पत्र तिने भाबडेपणाने आपल्या मुख्याध्यापकांना दाखवलं होतं, माप माझं आहे हे पटावं म्हणून. त्यांनी त्याच पत्राचा आधार घेऊन तिच्या कागदांत निष्काळजीपणाचा शेरा मारला होता, आणि त्या शेऱ्यापायी तिचं कायम होणं अडलं होतं. आता एप्रिलमध्ये तिचा निकाल लागायचा होता. पोस्टकार्डाच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'तुझ्या मुख्याध्यापिकेची सही असलेली एक ओळ पाठव. त्याच मापाने तिथलाही मासा मेला, एवढंच. मग माझ्यावरचा शेरा निघेल.'

मी दोन वर्षांपूर्वीची निरीक्षणाची वही काढली. सोमवारच्या त्या नोंदीसमोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं: 'शनिवारी औषधाची मात्रा जास्त झाली. त्याने मासा रविवारी मेला. सोमवारची नोंद दुसऱ्या माशाची आहे.' खाली माझी सही केली, लाल शाईसाठी जागा सोडली, आणि शनिवारी वही इतर वह्यांबरोबर टेबलावर ठेवली. वर मैत्रिणीचं पोस्टकार्डही ठेवलं, म्हणजे सही कशासाठी हवी ते त्यांना कळावं.

सोमवारी वह्या परत आल्या. टाचणाच्या पानांवर 'पाहिले' होतं. हजेरीवर होतं. त्या पानावर काही नव्हतं. पोस्टकार्ड मात्र पानांमध्ये नीट ठेवलेलं होतं.

मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, एक सही राहिली. त्यांनी या वेळी चष्मा काढला नाही. म्हणाल्या, "ते शेरेबुकात गेलंय. मी वहीत खोटं पाहिलं, असं आता लिहून देऊ का? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, राहू दे."

मी विचारलं, आणि तिची नोकरी? त्या म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, तिला दुसरी मिळेल. मग त्यांनी पुढची वही ओढली आणि लाल दौतीत टाक बुडवला. खोट्या नोंदीखाली सही करताना हाच टाक क्षणभरही थांबला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी चूक झाकायला त्यांना काहीच मोजावं लागलं नव्हतं. उलट शाळेला चांगला शेरा मिळाला, त्यांना कौतुक मिळालं, आणि मला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यांना काही मोजावं लागणार होतं, तेव्हा त्यांनी मूठ झाकली. तीही माझी नव्हे, स्वतःची; मग माझ्या मैत्रिणीची नोकरी गेली तरी चालेल. ज्या बाईसाठी मी जीव टाकला असता तिच्याजवळ माझ्या माणसासाठी दोन थेंब लाल शाई नव्हती.

पान मी माझ्या एकटीच्या सहीनिशी पाठवून दिलं. तिकडचे मुख्याध्यापक म्हणाले, याच्यावर वरिष्ठांची सही कुठे आहे? एप्रिलमध्ये तिला नोकरीतून कमी केलं. उन्हाळ्यातच घरच्यांनी तिचं लग्न उरकलं. शिकवायला ती माझ्याहून चांगली होती. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि मला ते रास्तच वाटलं. वडिलांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं की विहिरीचं माप बरणीला कायले लावलं, पोरी.

पुढच्या वर्षी मोठ्या बाईंचा निरोप समारंभ झाला. शेठजी आले, पालक आले, मुलींनी हार घातले. जो तो त्यांच्या थोर मनाविषयी बोलत होता. एका शिक्षिकेने माझ्या पहिल्या दिवसाचा, माठाच्या पाण्याचा प्रसंग रंगवून सांगितला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी व्यासपीठावरून मला शोधलं, आणि अगदी त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मला जरा पाणी दे बरं."

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. शेठाणी तर आधीच हसत होत्या. माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. मी जागची उठले नाही.

"माठ तिथंच आहे, मोठ्या बाई," मी म्हटलं.

माणसांनी माझ्यावर उपकार केले की मी कशी उलटते, हे घाटंजीत मग वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि मी ते कधी खोडलं नाही. त्या दिवशी शेवटी मावशी उठल्या आणि त्यांनी पाणी दिलं.